यादीतले नाव : प्रौढ मताधिकाराची भारतीय वाटचाल

मताधिकाराचा इतिहास सामान्यतः तत्त्वांच्या आणि चळवळींच्या अंगाने सांगितला जातो. कोणी मागणी केली, कोणी विरोध केला, कोणत्या वर्षी कायदा झाला, एवढ्यात तो पूर्ण झाला असे मानले जाते. भारतापुरते बोलायचे तर या इतिहासाला दुसरेही एक अंग आहे. ते काहीसे रुक्ष आणि कारकुनी वाटते, म्हणून त्याच्याकडे अभ्यासकांचेही उशिरा लक्ष गेले. हे अंग मतदार याद्यांचे आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ३२६ प्रत्येक प्रौढ नागरिकाला मतदार म्हणून नोंदले जाण्याचा हक्क देतो. परंतु तो अनुच्छेद आणि मतदान केंद्राचा दरवाजा यांच्यामध्ये एक कागद असतो. त्या कागदावर आपले नाव नसेल, तर घटनेने दिलेला अधिकार त्या दिवसापुरता तरी निष्फळ ठरतो. नाव यादीत कसे चढते, ते कोण चढवतो, आणि एकदा चढलेले नाव खोडण्याचा अधिकार कोणाला असतो, या प्रश्नांतूनच घटनात्मक संरक्षणाची खरी परीक्षा होत आली आहे.

ब्रिटिश राजवटीत मत हा अधिकार नव्हता. ती मिळकतीला जोडलेली सवलत होती. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ निर्माण केले, पण मतदारांची संख्या मूठभरच राहिली. पहिल्या महायुद्धानंतर नव्या सुधारणांचा विचार सुरू झाला, तेव्हा मताधिकार कोणाला द्यावा हे ठरवण्यासाठी लॉर्ड साउथबरो यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती भारतात आली. २७ जानेवारी १९१९ रोजी मुंबईत तिच्यासमोर सत्तावीस वर्षांच्या एका प्राध्यापकाची साक्ष झाली. सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारे ते प्राध्यापक म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. अस्पृश्यांच्या प्रश्नावर महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही याच समितीपुढे साक्ष दिली होती.

आंबेडकरांच्या निवेदनातला युक्तिवाद आज वाचतानाही त्याची धार जाणवते. लोकांचे राज्य म्हणजे केवळ लोकांच्या मतांचे प्रतिनिधित्व नव्हे, माणसांनी स्वतः प्रतिनिधी होणेही त्यात येते, असे त्यांनी मांडले. मिळकतीच्या अटीचा पायाच त्यांनी तपासला. ज्या समाजाला व्यापार करू दिला जात नाही, ज्याच्या हातचा माल कोणी घेत नाही, त्याच्याकडे मिळकत येणार कोठून? आधी मिळकतीची वाट बंद करायची आणि मग मिळकत नाही म्हणून मत नाकारायचे, हा एकाच अन्यायाचा दुहेरी दंड होता. म्हणून अस्पृश्यांसाठी मताधिकाराची पात्रता खाली आणावी आणि त्यांना स्वतःचे प्रतिनिधी निवडता यावेत, अशी त्यांची मागणी होती.

ती मागणी मान्य झाली नाही. १९१९ च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळांसाठी सुमारे ५० लाख मतदार निर्माण केले. शेतसारा, प्राप्तिकर किंवा घरभाडे ही त्यांची ओळख होती. स्त्रियांचा प्रश्न तर ब्रिटिश संसदेने प्रांतांवरच सोपवून दिला. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ मद्रास येथे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले होते, त्या मागणीचे हे अर्धेमुर्धे उत्तर होते. मद्रास आणि मुंबई या प्रांतांनी १९२१ मध्ये स्त्रियांवरील बंदी उठवली. तथापि मिळकतीची अट कायम राहिल्याने ज्यांच्या नावावर घर नाही, जमीन नाही अशा असंख्य स्त्रियांना तिचा उपयोग झाला नाही.

यानंतरच्या दशकात प्रौढ मताधिकाराची मागणी स्पष्ट शब्दांत पुढे येऊ लागली. मोतीलाल नेहरू समितीने १९२८ च्या आपल्या अहवालात एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांना मत देण्याची शिफारस केली. त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने आंबेडकरांनी सायमन आयोगाला निवेदन दिले. संयुक्त मतदारसंघ, त्यात राखीव जागा, आणि या दोहोंच्या मुळाशी प्रौढ मताधिकार, अशी त्याची रचना होती. प्रौढ मताधिकार नाकारला गेला तर मात्र स्वतंत्र मतदारसंघ मागावा लागेल, असेही त्यांनी बजावले. पुढच्या चार वर्षांत काय घडणार होते याची चाहूल या एका वाक्यात सापडते. प्रौढ मताधिकार नाकारलाच गेला. ज्या लोथियन समितीचे आंबेडकर स्वतः सदस्य होते, त्या समितीने १९३२ मध्ये तो तत्त्वतः न खोडता व्यवहारतः अशक्य ठरवला. इतक्या अफाट आणि निरक्षर लोकसंख्येच्या याद्या करायच्या कशा आणि मतदान घ्यायचे कसे, हा तिच्यापुढचा प्रश्न होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालेला जातीय निवाडा, येरवड्याच्या तुरुंगातील गांधीजींचे उपोषण आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार हा भाग मराठी वाचकांना परिचित आहे. येथे एकच गोष्ट लक्षात घ्यायची. करारामुळे प्रांतिक कायदेमंडळांतील अस्पृश्यांच्या राखीव जागा १४८ पर्यंत वाढल्या, परंतु त्या जागेवरचा अंतिम कौल सर्व मतदारांच्या हाती गेला. प्राथमिक फेरीत अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतून एकाची निवड सर्वांनी करायची. प्रतिनिधी कोणाचा आणि तो निवडणार कोण, या दोन प्रश्नांची तेथे फारकत झाली. पुढे १९३५ च्या कायद्याने मतदारांची संख्या सुमारे तीन कोटींवर नेली. त्या कायद्याच्या सहाव्या परिशिष्टात पात्रतेच्या अटी प्रांतवार दिल्या आहेत. कोठे सारा, कोठे भाडे, कोठे शिक्षण, कोठे लष्करी सेवा, आणि स्त्रीच्या बाबतीत कित्येकदा केवळ पात्र पुरुषाची पत्नी असणे. म्हणजे मत मिळाले तरी ते नवऱ्याच्या मिळकतीच्या आधारावर. संस्थानांतील प्रजेचा तर या हिशेबात समावेशच नव्हता.

स्वतंत्र भारताची घटना समितीही याच मर्यादित मताधिकारातून निवडून आलेल्या प्रांतिक विधानसभांनी १९४६ मध्ये निवडली होती. अशा समितीने संपूर्ण प्रौढ मताधिकार स्वीकारावा, ही घटना जगाच्या राज्यघटनांच्या इतिहासात अपूर्व म्हणावी लागेल. मूलभूत अधिकारांच्या उपसमितीने १९४७ मध्ये मताधिकाराला मूलभूत अधिकारांतच स्थान द्यावे असे सुचवले होते. सल्लागार समितीने तत्त्व मान्य केले, पण त्याची जागा घटनेत अन्यत्र असावी असे ठरवले. हा निर्णय त्या वेळी मांडणीपुरता वाटला; त्याचे परिणाम पुढे न्यायालयांत दिसले. शंका घेणारे समितीतही होते. तरीही अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारख्या सावध विधिज्ञाने नोव्हेंबर १९४९ मध्ये सामान्य माणसावरील विश्वासाचा हवाला देऊन या तरतुदीचे समर्थन केले, आणि अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी खेड्यातील माणूस निरक्षर असला तरी त्याला व्यवहारज्ञान पुरेपूर असते, असा निर्वाळा दिला.

तत्त्वावर चर्चा चालू असतानाच दुसरीकडे याद्यांचे काम सुरू झाले होते. घटनेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांच्या देखरेखीखाली घटना समितीच्या सचिवालयाने १९४७ च्या अखेरीस प्रांतांशी पत्रव्यवहार आरंभला आणि मार्च १९४८ मध्ये प्राथमिक याद्या करण्याच्या सूचना पाठवल्या. घटना अजून मंजूर झालेली नव्हती, मताधिकाराचा अनुच्छेद मसुद्यात होता, नागरिक कोणास म्हणावे याची व्याख्याही अंमलात आली नव्हती. लोथियन समितीने जे अशक्य मानले होते ते काम गावोगावचे पटवारी, तलाठी, शिक्षक आणि कारकून यांनी घरोघर जाऊन हाती घेतले. ज्या राज्ययंत्रणेला आजवर फक्त सारा भरणाऱ्याचे नाव लिहिण्याची सवय होती, तिला आता प्रत्येक झोपडीतल्या प्रत्येक प्रौढ माणसाचे नाव विचारावे लागले. या कामाने कारभाराची दृष्टीच बदलली.

पहिला पेच निर्वासितांचा आला. मतदाराने ठरावीक काळ, म्हणजे ३१ मार्च १९४८ रोजी संपणाऱ्या वर्षात किमान १८० दिवस, त्या ठिकाणी राहिलेले असावे असा नियम होता. फाळणीने घरदार सुटलेल्या लाखो माणसांना तो लागू केला असता, तर ज्यांनी स्वातंत्र्याची सर्वांत मोठी किंमत दिली तेच मतापासून वंचित झाले असते. सचिवालयाने त्यांच्यासाठी निवासाची अट शिथिल केली आणि येथे कायम राहण्याचा इरादा आहे एवढ्या घोषणेवर त्यांची नावे घ्यावीत, असे कळवले. काही ठिकाणी स्थानिक अधिकाऱ्यांनी या सूचना मानल्या, काही ठिकाणी टाळाटाळ केली. मग निर्वासितांच्या संस्थांकडून तक्रारी दिल्लीला जाऊ लागल्या, आणि अजून जन्माला न आलेल्या घटनेच्या आधारे लोक आपला हक्क मागू लागले.

या तक्रारींचा ठसा घटनेवर उमटला. निवडणुकांची व्यवस्था प्रांतांकडे ठेवावी अशी आधीची कल्पना होती. १५ जून १९४९ रोजी आंबेडकरांनी घटना समितीपुढे सुधारित अनुच्छेद मांडला आणि संपूर्ण देशासाठी एकच स्वतंत्र निवडणूक आयोग असावा असे सुचवले. काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने परक्या ठरवलेल्या माणसांना याद्यांतून बाहेर ठेवले जात असल्याचे मसुदा समितीच्या आणि केंद्र सरकारच्या निदर्शनास आले आहे, असे कारण त्यांनी दिले. हृदयनाथ कुंझरू यांनी प्रांतांवरील या अविश्वासाबद्दल आक्षेप घेतला; आयुक्ताची नेमणूक केवळ सरकारच्या मर्जीवर राहू नये, याकडेही चर्चेत लक्ष वेधले गेले. शिब्बनलाल सक्सेना यांनी तर नेमणुकीला संसदेच्या दोन तृतीयांश बहुमताची संमती घ्यावी असे सुचवले. ती सूचना स्वीकारली गेली नाही, पण तिच्यामागची चिंता पुढे सत्तर वर्षे विझली नाही.

अनुच्छेद ३२४ ने आयोग दिला, आणि अनुच्छेद ३२५ ने एका मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी राहील व धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कोणाला तीतून वगळले जाणार नाही, अशी हमी दिली. १९०९ पासून चालत आलेल्या स्वतंत्र याद्यांचा येथे शेवट झाला. अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा राहिल्या, मतदार मात्र एकाच यादीत आले. हेही लक्षणीय आहे की घटनेचा बहुतांश भाग २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आला, परंतु नागरिकत्वाचे आणि निवडणूक आयोगाचे अनुच्छेद २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाले. घर बांधण्याआधी उंबरठा घालून घ्यावा, तसा हा क्रम होता.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी मार्च १९५० मध्ये सूत्रे घेतली. यादीत सुमारे १७ कोटी ३२ लाख नावे होती. त्यांपैकी बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते आणि स्त्रियांत ते ९ टक्क्यांच्याही आत होते. म्हणून प्रत्येक उमेदवाराला वेगळी मतपेटी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह, अशी सोय करण्यात आली. मतपत्रिका नाशिकच्या सरकारी सुरक्षा मुद्रणालयात छापल्या गेल्या, पोलादी पेट्यांचा मोठा वाटा मुंबईजवळच्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार झाला. दुबार मतदान टाळण्यासाठी बोटाला शाई लावण्याची पद्धत तेव्हापासूनच रूढ झाली.

परंतु या सगळ्या जुळवाजुळवीत सेन यांना सर्वांत अधिक अडवले ते नावाच्याच प्रश्नाने. याद्या तपासताना असे आढळले की उत्तर आणि मध्य भारतात लाखो स्त्रियांची नोंद नावाने झालेलीच नाही. अमक्याची आई, तमक्याची पत्नी, फलाण्याची मुलगी, एवढ्यावरच नोंद संपत होती. परक्या पुरुषाला स्त्रीचे नाव सांगणे अप्रतिष्ठेचे मानले जाई. नोंद करणाऱ्यालाही त्यात वावगे वाटले नव्हते. महाराष्ट्रातही नवऱ्याचे नाव उच्चारू नये हा दंडक होता आणि तो मोडण्यासाठी उखाण्याचा आडोसा घ्यावा लागे. पण तेथे लपलेले होते ते तिचे स्वतःचे नाव. आयोगाने आदेश दिला की स्त्रीची नोंद तिच्या नावानेच व्हावी आणि ज्या नावे सांगणार नाहीत त्यांच्या नोंदी काढून टाकाव्यात. बिहारला यासाठी एक महिन्याची मुदतवाढही देण्यात आली. तरीही सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नोंद अखेर रद्द झाली.

या निर्णयाकडे दोन बाजूंनी पाहता येते. ज्या स्त्रिया निरक्षर होत्या, ज्यांच्या वतीने उत्तर देणारा पुरुषच होता, त्यांच्या संकोचाची शिक्षा त्यांनाच का, हा प्रश्न न्याय्य आहे. घराच्या उंबऱ्यावर कोणी काय सांगितले हे कित्येकींना कळलेही नसेल. दुसरीकडे, १९३५ च्या कायद्याने स्त्रीला पत्नी म्हणून मत दिले होते. नव्या घटनेने ते तिला व्यक्ती म्हणून दिले. नाव नसलेल्या नोंदी राहू दिल्या असत्या, तर जुनीच व्यवस्था नव्या यादीत शिरली असती आणि तोतया मतदानालाही वाव मिळाला असता. सेन यांनी कठोर मार्ग पत्करला आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत लोक शहाणे होतील असा विश्वास ठेवला. तो बराचसा खरा ठरला. तरीही पहिल्या निवडणुकीत त्या २८ लाख स्त्रिया मतदानाला मुकल्या, ही गोष्ट तिच्या यशाच्या वर्णनात विसरता येत नाही.

पहिले मतदान २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचल प्रदेशातील दुर्गम भागात, बर्फ पडण्याआधी, उरकले गेले आणि संपूर्ण निवडणूक फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. लोकसभेच्या ४८९ जागांसाठी सुमारे ४५ टक्के मतदान झाले. उत्तर मुंबई या द्विसदस्य मतदारसंघातील राखीव जागेवर डॉ. आंबेडकर उभे होते. नारायण सदोबा काजरोळकर यांनी त्यांचा पराभव केला. तेहतीस वर्षांपूर्वी ज्या शहरात त्यांनी मताची मागणी केली होती, त्याच शहराच्या मतदारांनी त्यांना नाकारले. प्रतिनिधी कोणाचा आणि निवडणार कोण, हा १९३२ चा जुना पेच येथे पुन्हा समोर आला. मताधिकार योग्य निकालाची हमी देत नाही, तो फक्त निकाल देण्याचा अधिकार सर्वांत वाटून देतो, हे या पराभवातून कळते. आंबेडकरांनी मतदानाच्या व्यवहाराबद्दल तक्रारी केल्या, पण प्रौढ मताधिकारावरचा त्यांचा आग्रह ढळला नाही. राजकारणात एका माणसाला एक मत आणि समाजजीवनात मात्र विषमता, या विसंगतीचा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजीच देऊन ठेवला होता.

निवडणूक चालू असतानाच, २१ जानेवारी १९५२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एका मूलभूत मुद्द्यावर निर्णय दिला. मद्रास राज्यातील नामक्कल येथील पोन्नुस्वामी यांचा उमेदवारी अर्ज फेटाळला गेला होता. न्यायमूर्ती फजल अली यांनी लिहिलेल्या निकालात असे म्हटले गेले की मत देण्याचा किंवा निवडणुकीला उभे राहण्याचा अधिकार हा नागरी अधिकार नसून कायद्याने निर्माण केलेला आहे, म्हणून कायद्याने घातलेल्या मर्यादा त्याला लागू होतात. मताधिकाराला मूलभूत अधिकारांच्या प्रकरणात जागा न दिल्याचा परिणाम असा तातडीने दिसला. तुरुंगातील कैद्यांना मत नाकारणारे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १९९७ मध्ये टिकून राहिले, ते याच दृष्टीमुळे. २००३ मध्ये उमेदवारांची माहिती मिळण्याच्या हक्काबद्दल निकाल देताना न्यायालयाने थोडी वेगळी दिशा घेतली. मत कोणाला द्यावे हे ठरवणे हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे असे त्यात म्हटले गेले, आणि २०१३ मध्ये त्याच विचाराच्या आधारे ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मतदारास मिळाला. तथापि २००६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मताधिकार हा वैधानिक अधिकार असल्याचे पुन्हा नमूद केले होते. दरम्यान घटनेतील बदलाने पाया अधिक रुंद झाला. एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदाराचे वय २८ मार्च १९८९ पासून २१ वरून १८ वर आले.

नावाचा प्रश्न मात्र फिरून येत राहिला. १९९० नंतरच्या वर्षांत मुंबई आणि दिल्ली येथील झोपडपट्ट्यांतील अनेक मतदारांना, ते परदेशी असल्याच्या संशयावरून, नागरिकत्वाचे पुरावे आणून देण्यास सांगण्यात आले. पुरावे म्हणून जी कागदपत्रे मागितली गेली, ती अशा वस्तीतल्या माणसाजवळ सहसा नसतात. शिधापत्रिका पुरेशी मानली जात नव्हती. लालबाबू हुसेन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ठरवले की पूर्वीच्या यादीत ज्याचे नाव आहे, त्याचे नाव योग्य शहानिशेनंतरच चढले होते असे गृहीत धरावे लागेल. ते काढायचे असल्यास संशयाचे कारण त्याला कळवले पाहिजे, आणि त्याने आणलेला प्रत्येक ग्राह्य पुरावा विचारात घेतला पाहिजे. मुंबईतल्या एखाद्या खोपटात राहणाऱ्या माणसाच्या बाजूने घटनेने उभे राहणे म्हणजे नेमके काय, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तीस वर्षांनी, २०२५ मध्ये, ज्या बिहारला सेन यांनी नावांसाठी एक महिना अधिक दिला होता, त्याच राज्यातील विशेष सखोल पुनरीक्षणात सुमारे ६५ लाख नावे १ ऑगस्टच्या मसुदा यादीत नव्हती. मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद अशी कारणे आयोगाने दिली. विरोधकांनी घाई आणि कागदपत्रांची सक्ती यांवर आक्षेप घेतला. १४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की वगळलेली नावे कारणांसह, लोकांना पाहता येतील अशा रीतीने, प्रसिद्ध करावीत. आयुक्तांच्या नेमणुकीचा प्रश्नही जुनाच आहे. मार्च २०२३ मध्ये घटनापीठाने, संसद कायदा करीपर्यंत, पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीची व्यवस्था घालून दिली; त्याच वर्षीच्या डिसेंबरातील कायद्याने सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री आला. सक्सेना यांची १९४९ ची चिंता अशी पुन्हा चर्चेत आली.

प्रौढ मताधिकार भारताला एका दिवसात मिळाला, असे म्हणण्याची प्रथा आहे. घटनेच्या शब्दांपुरते ते खरे आहे. परंतु ते शब्द खरे करण्याचे काम १९४८ च्या तलाठ्यांपासून प्रत्येक पिढीतील याद्या लिहिणाऱ्यांकडे आणि त्या तपासणाऱ्यांकडे आले आहे. मृतांची नावे काढावी लागतात, नव्यांची घालावी लागतात. यादी कधीच पुरी होत नाही. ते करताना दाराशी आलेल्या माणसाला आधी नाव विचारायचे की आधी पुरावा मागायचा, या साध्या क्रमावर पुष्कळ काही अवलंबून असते. पहिल्या यादीच्या वेळी, देश दुभंगलेला असताना आणि नागरिक कोण हेही ठरलेले नसताना, आधी नाव विचारले गेले होते.